फिरती गिअर मूठ

फिरती गिअर मूठ हा सायकलच्या हँडलवर बसवलेला, मनगटाने फिरवून गिअर बदलण्याचा भाग आहे. बोलण्यात त्याला ट्विस्ट शिफ्टर किंवा ग्रिप शिफ्टर म्हणतात. ग्रिप शिफ्ट आणि रेवोशिफ्ट ही अनुक्रमे स्रॅम आणि शिमानो या उत्पादकांची व्यापारी नावे आहेत. कमी व मध्यम किमतीच्या गिअरच्या सायकली, मुलांच्या सायकली आणि मागील हबमध्ये गिअर असलेल्या सायकली यांवर हा भाग प्रामुख्याने आढळतो.

या मुठीची झीज दोन ठिकाणी होते: हाताला लागणाऱ्या रबरी आवरणाची आणि आतील खाचा-स्प्रिंगच्या यंत्रणेची. या दोन झिजा एकमेकींवर अवलंबून नसतात. आवरण पूर्ण गेलेल्या मुठीची यंत्रणा अनेकदा उत्तम स्थितीत असते. उलट आवरण नवे दिसत असूनही आतल्या खाचा गुळगुळीत झालेल्या असू शकतात. त्यामुळे दुरुस्ती करायची की संपूर्ण मूठ बदलायची, हे नेमके काय झिजले आहे ते पाहूनच ठरवावे लागते.

== रचना ==

सायकलच्या सरळ हँडलची नळी मुठीच्या भागात २२.२ मिलिमीटर बाहेरील व्यासाची असते. तिच्यावर आतून बाहेर या क्रमाने ब्रेकची लिव्हर, फिरती गिअर मूठ आणि स्थिर मूठ बसवलेली असते. नळीचे उघडे टोक स्थिर मुठीच्या बंद टोकाने किंवा वेगळ्या बुचाने झाकलेले असते.

फिरत्या मुठीचे प्रमुख भाग असे:

* रबरी आवरण – तळव्याला घर्षण मिळावे म्हणून उभ्या कडा किंवा उंचवटे असलेला मऊ थर. काही बनावटींत तो वेगळा काढता येतो, तर काहींत तो प्लास्टिकच्या नळीवर ओतून कायमचा बसवलेला असतो.
* फिरती नळी – आवरणाखालील प्लास्टिकची नळी. तिच्यावर तार गुंडाळणारे रीळ असते किंवा ती रिळाला जोडलेली असते.
* खाचा आणि स्प्रिंग – प्रत्येक गिअरसाठी एक खाच असते. स्प्रिंग खाचेत बसली की 'टक्' असा आवाज होतो आणि मूठ त्या जागी थांबते.
* स्थिर कवच – स्क्रूने हँडलवर आवळलेला भाग. त्यावर गिअरचा क्रमांक दाखवणारी खिडकी आणि तारेचा ताण जुळवण्याचा गोल स्क्रू असतो.

फिरत्या मुठीने हँडलवरील बरीच जागा व्यापल्यामुळे तिच्या शेजारची स्थिर मूठ आखूड असते. साध्या सायकलच्या मुठीची लांबी सुमारे १२५ ते १३० मिलिमीटर, तर या आखूड मुठीची सुमारे ९० मिलिमीटर असते. दुकानात सहज मिळणारी पूर्ण लांबीची मूठ येथे बसत नाही, याचे कारण हेच.

== कार्य ==

उजवी मूठ मागील आणि डावी मूठ पुढील गिअर नियंत्रित करते. मूठ एका दिशेने फिरवली की रीळ तार ओढते आणि डिरेलर चेनला शेजारच्या दातेरी चकतीवर ढकलतो. उलट दिशेने फिरवल्यास तार सैल होते आणि डिरेलरमधील स्प्रिंग त्याला मागे आणते. तार केवळ ओढू शकते, ढकलू शकत नाही. म्हणून परतीचे काम या स्प्रिंगवर सोपवलेले असते.

मूठ फिरवून गिअर बदलण्याची कल्पना महाराष्ट्रात दुसऱ्या वाहनांमुळे परिचित आहे. पुण्याजवळ आकुर्डी येथे तयार झालेल्या बजाज चेतक स्कूटरचे गिअर डाव्या हाताची मूठ फिरवून बदलले जात. हँडल असलेल्या तीनचाकी रिक्षांतही हीच पद्धत दिसते. मात्र अशा स्कूटरमध्ये मुठीपासून गिअरपेटीपर्यंत दोन तारा असतात, एक पुढे जाण्यासाठी आणि दुसरी मागे येण्यासाठी, तर डिरेलर असलेल्या सायकलला एकच तार पुरते.

या मुठीचा फायदा असा की गिअर बदलताना बोटे ब्रेकच्या लिव्हरवर राहू शकतात आणि एका झटक्यात अनेक गिअर ओलांडता येतात. तोटा असा की गिअर बदलण्याची सारी शक्ती तळवा आणि रबर यांच्यातील घर्षणातूनच जाते. अंगठ्याने दाबायच्या लिव्हरवरील रबर गेले तरी लिव्हर दाबता येते; फिरत्या मुठीवरील रबर गुळगुळीत झाले की मूठ हातातून निसटते आणि यंत्रणा सुस्थितीत असूनही निरुपयोगी ठरते.

== इतिहास ==

आधुनिक फिरत्या गिअर मुठीचा प्रसार स्रॅम या अमेरिकी कंपनीने केला. ही कंपनी १९८७ मध्ये शिकागो येथे स्थापन झाली आणि १९८८ मध्ये तिने ग्रिप शिफ्ट हे आपले पहिले उत्पादन बाजारात आणले. ते प्रथम रस्त्यावरील व ट्रायथलॉनच्या सायकलींसाठी होते. नंतर डोंगरी सायकलींसाठीची आवृत्ती आली. त्या काळी सायकलींच्या सुट्या भागांच्या बाजारावर शिमानो या जपानी कंपनीचे वर्चस्व होते. १९९० मध्ये स्रॅमने तिच्यावर अनुचित व्यापारी पद्धतींचा आरोप करून दावा दाखल केला आणि तो पुढे तडजोडीने मिटला. शिमानोनेही रेवोशिफ्ट या नावाने स्वतःच्या फिरत्या मुठी विकसित केल्या.

हबमधील गिअरच्या क्षेत्रातही ही मूठ टिकून राहिली. जर्मनीतील रोलॉफ कंपनीच्या १४ गिअरच्या हबला, स्कूटरप्रमाणेच, दोन तारांची फिरती मूठ लागते. या हबमध्ये गिअरच्या खाचा मुठीत नसून हबमध्येच असतात; त्यामुळे तिची मूठ झिजली तरी गिअर अचूक बसतात.

== झिजेची कारणे ==

मुठीचे रबर घर्षणाने झिजते, पण केवळ घर्षणानेच नव्हे. मुठीसाठी नैसर्गिक वा कृत्रिम रबर किंवा रबरासारखे मऊ प्लास्टिक वापरतात. उन्हातील अतिनील किरण आणि हवेतील ओझोन यांमुळे रबराच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. मऊपणा आणण्यासाठी मिसळलेली द्रव्ये कालांतराने पृष्ठभागावर येतात आणि मूठ चिकट होते. घाम, हाताला लागलेले खोबरेल तेल, मलम आणि चेनचे वंगण ही क्रिया वेगाने घडवून आणतात. चिकट झालेले आवरण ताणले जाऊन सैल पडते आणि आतील नळीवरून सरकू लागते.

हवामानाचा प्रभाव कोकण किनारपट्टीवर विशेष जाणवतो. ठाणे जिल्ह्यात मीरा-भाईंदर शहराच्या उत्तर टोकाला असलेले वरसावे याचे चांगले उदाहरण आहे. हे ठिकाण वसई खाडीच्या काठी असून ठाण्याकडून येणारा घोडबंदर रस्ता येथे मुंबई–अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गाला मिळतो. येथील हवा वर्षाचा बराच काळ दमट आणि खारी असते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाऊस मुसळधार पडतो, तर एप्रिल-मेमध्ये उघड्यावर ठेवलेल्या सायकलीचे रबर उन्हात तापते. खारट ओलाव्यामुळे तार तिच्या वेष्टनाच्या आत गंजते. महामार्गावरील धूळ पावसाच्या पाण्याबरोबर मुठीच्या फटीतून आत जाऊन ग्रीसमध्ये मिसळते.

तार गंजली की मूठ फिरवण्यास अधिक जोर लागतो आणि हा वाढीव जोर रबरावर पडतो. म्हणजे रबराची झीज हे पुष्कळदा मूळ दुखणे नसून तारेतील अडथळ्याचा परिणाम असतो. अशा वेळी केवळ आवरण बदलल्यास नवे आवरणही लवकर फाटते.

== दोष ओळखणे ==

दुरुस्तीपूर्वी दोषाचे स्थान निश्चित करावे. त्यासाठी पुढील लक्षणे उपयोगी पडतात:

* रबर फिरते, पण गिअरचा क्रमांक बदलत नाही: आवरण नळीवरून सुटले आहे, यंत्रणा बहुधा ठीक आहे.
* हात घसरतो, पण रुमाल गुंडाळून फिरवल्यास गिअर नीट बदलतात: आवरणाचा पृष्ठभाग झिजला आहे.
* संपूर्ण मूठ कवचासह हँडलवर फिरते: हँडलवर आवळणारा स्क्रू सैल आहे.
* 'टक्' आवाज येतो, पण चेन हलत नाही किंवा उशिरा हलते: तारेचा ताण, गंज किंवा डिरेलर यांत दोष आहे.
* आवाज येत नाही किंवा मूठ सोडताच मागे फिरते: खाचा झिजल्या आहेत किंवा स्प्रिंग तुटली आहे.
* मूठ जड फिरते: तार व वेष्टन खराब आहे, ग्रीस घट्ट झाले आहे किंवा स्थिर मूठ फिरत्या मुठीला घासत आहे.

शेवटच्या लक्षणाची तीन कारणे वेगळी करण्यासाठी एक साधी चाचणी आहे. डिरेलरवर तार धरून ठेवणारा स्क्रू सैल करून तार मोकळी करावी आणि मूठ फिरवून पाहावी. ती हलकी फिरली तर दोष तारेत, वेष्टनात किंवा डिरेलरमध्ये आहे. जडच राहिली तर स्थिर मूठ काही मिलिमीटर बाहेर सरकवून पुन्हा पाहावे. त्यानंतरही फरक पडला नाही, तर दोष मुठीच्या आत आहे. ही चाचणी न करता मूठ बदलल्यास खर्च होऊनही तक्रार कायम राहू शकते.

== आवरणाची दुरुस्ती ==

=== स्वच्छता ===

आवरण केवळ चिकट किंवा तेलकट असेल, तर सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने पुसावे आणि पूर्ण वाळल्यावर स्पिरिटचा हात फिरवावा. सायकलच्या चेन व बेअरिंग धुण्यासाठी रॉकेल वापरण्याची जुनी पद्धत आहे. मुठीसाठी मात्र रॉकेल वा पेट्रोल वापरू नये. त्यांमुळे रबर फुगते व मऊ पडते, आणि काही प्लास्टिकांना तडे जातात. चिकट मुठीवर टाल्कम पावडर लावल्याने काही काळ आराम पडतो, परंतु पावसात तिचा उपयोग नाही.

=== स्थिर मूठ बदलणे ===

स्थिर मूठ हा साधारणतः सर्वांत आधी फाटणारा आणि सर्वांत स्वस्तात बदलता येणारा भाग आहे. जुनी मूठ काढण्यासाठी तिच्या कडेखाली बारीक, बोथट सळई सरकवून थोडे स्पिरिट सोडावे आणि पीळ देत ओढावे. जुनी मूठ वाचवायची नसेल अशा वेळी ती लांबीने कापून काढता येते. मात्र पात्याची धार हाताच्या विरुद्ध दिशेला असावी.

नवी मूठ बसवताना नळीवर तेल, ग्रीस किंवा तेलकट फवारा लावू नये. तेल उडून जात नाही, आणि अशी मूठ चालवताना अचानक निसटू शकते. स्पिरिटने ओली केलेली मूठ सहज सरकते व स्पिरिट उडून गेल्यावर घट्ट बसते. स्थिर आणि फिरत्या मुठीत किंचित फट ठेवावी. काही बनावटींत त्यासाठी पातळ प्लास्टिकची चकती दिलेली असते. स्थिर मूठ फार आत ठोकल्यास गिअर फिरवणे जड जाते.

=== फिरत्या भागाचे आवरण ===

आवरण वेगळे निघणाऱ्या बनावटीत त्याच बनावटीचे सुटे आवरण मिळाल्यास ते बसवणे सर्वांत चांगले. स्थिर मूठ काढल्यावर जुने आवरण बाहेर ओढून निघते. नव्या आवरणाच्या आतील खोबणी नळीवरील उंचवट्यांशी जुळवून ते सरकवावे.

सुटे आवरण न मिळाल्यास किंवा रबर कायमचे ओतलेले असल्यास पुढील उपाय करता येतात:

* जुन्या ट्यूबचा तुकडा: फिरत्या भागाच्या रुंदीएवढा तुकडा कापून तो ताणून वर चढवावा. त्याने घर्षण चांगले मिळते आणि खर्च जवळपास शून्य असतो. दोन थर दिल्यास पकड जाड व मऊ होते.
* रॅकेटची पट्टी: बॅडमिंटन वा टेनिसच्या रॅकेटच्या दांड्यावर गुंडाळण्याची पट्टी वापरता येते. ती घाम शोषते, परंतु सततच्या पावसात लवकर सुटते.
* स्वतःलाच चिकटणारी सिलिकोन पट्टी: ताणून गुंडाळल्यावर तिचे थर एकजीव होतात. तिच्यावर पाण्याचा परिणाम होत नाही आणि काढल्यावर मागे डिंक राहत नाही.
* उष्णतेने आकसणारी नळी: मासेमारीच्या गळाच्या दांड्यावर किंवा विजेच्या तारांवर वापरतात तशी. ती आकसवताना जास्त उष्णता दिल्यास आतील प्लास्टिक वाकते. म्हणून उघड्या ज्योतीचा वापर टाळावा.

कोणताही उपाय केला तरी नवे आवरण फिरत्या भागापुरतेच मर्यादित ठेवावे. ते फटीवरून पलीकडे गेल्यास फिरता व स्थिर भाग एकमेकांना बांधले जातात. मग मूठ अर्धवट फिरून मागे येते आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये घासत राहते. गिअरचा क्रमांक दाखवणारी खिडकीही झाकली जाऊ नये.

== संपूर्ण मूठ बदलणे ==

खाचा झिजल्या असतील किंवा कवच फुटले असेल, तर संपूर्ण मूठ बदलावी लागते. डिरेलर असलेल्या सायकलीच्या मागील गिअरसाठी सर्वसाधारण क्रम असा आहे:

१. चेन सर्वांत लहान मागील चकतीवर आणावी. या स्थितीत तारेवर सर्वांत कमी ताण असतो.

२. डिरेलरवरील तारेचा स्क्रू सैल करून तार मोकळी करावी व वेष्टनातून ओढून घ्यावी.

३. स्थिर मूठ काढावी, मग कवचाचा स्क्रू सैल करून फिरती मूठ हँडलवरून सरकवून काढावी.

४. हँडलची नळी पुसून गंज असल्यास घासून काढावा. नवी मूठ सरकवून तारेचा मार्ग ब्रेकच्या लिव्हरखालून मोकळा जाईल अशा कोनात स्क्रू आवळावा.

५. स्थिर मूठ पुन्हा बसवावी.

६. नवी तार आणि नवे वेष्टन घालावे. गिअरची तार साधारण १.२ मिलिमीटर, तर ब्रेकची १.५ ते १.६ मिलिमीटर जाडीची असते. गिअरच्या वेष्टनातील पोलादी तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, तर ब्रेकच्या वेष्टनातील तार वेटोळी असते. ब्रेकचे वेष्टन गिअरसाठी वापरल्यास ते दबते व गिअर अचूक बसत नाहीत. गिअरचे वेष्टन ब्रेकसाठी वापरणे धोक्याचे आहे, कारण जोराने ब्रेक दाबल्यास ते फाटू शकते.

७. ताण जुळवण्याचा स्क्रू पूर्ण आत फिरवून एक-दोन फेरे बाहेर आणावा. मूठ सर्वांत लहान चकतीच्या स्थितीत ठेवून तार हाताने ताणावी व डिरेलरचा स्क्रू आवळावा.

८. मागील चाक उचलून पायडल फिरवत एकेक गिअर बदलून पाहावा. चेन मोठ्या चकतीवर चढण्यास उशीर करत असेल तर ताण वाढवावा. लहान चकतीवर उतरण्यास उशीर करत असेल तर कमी करावा. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त बदल करू नये.

डाव्या मुठीसाठी क्रम हाच असून चेन पुढच्या सर्वांत लहान चक्रावर ठेवून सुरुवात करावी.

== सुसंगती ==

नवी मूठ निवडताना मागील चकत्यांची संख्या मोजणे आवश्यक आहे. शिमानोच्या ६ चकत्यांच्या संचात दोन चकत्यांच्या मध्यांतील अंतर ५.५ मिलिमीटर, तर ७ चकत्यांच्या संचात ५ मिलिमीटर असते. मुठीची प्रत्येक खाच तेवढ्याच अंतराच्या हिशेबाने कोरलेली असते. म्हणून ६ गिअरची मूठ ७ चकत्यांवर वापरल्यास सुरुवातीचे एक-दोन गिअर जुळल्यासारखे वाटतात, पण पुढे चूक साठत जाते.

दुसरी अट तार ओढण्याच्या प्रमाणाची आहे. शिमानोच्या पारंपरिक पद्धतीत तार १ मिलिमीटर ओढली की मागील डिरेलर सुमारे १.७ मिलिमीटर सरकतो. स्रॅमच्या 'एकास एक' म्हटल्या जाणाऱ्या पद्धतीत तो सुमारे १.१ मिलिमीटर सरकतो. त्यामुळे या पद्धतीची मूठ शिमानोच्या डिरेलरबरोबर चालत नाही. मात्र स्रॅमने शिमानोच्या प्रमाणाशी जुळणाऱ्या मुठीही बनवल्या आहेत; म्हणून केवळ कंपनीचे नाव न पाहता मुठीवरील किंवा वेष्टणावरील सुसंगतीची नोंद वाचावी.

== सुरक्षितता ==

झिजलेल्या मुठीकडे गैरसोय म्हणून पाहिले जाते, पण तिचे दोन गंभीर परिणाम संभवतात. पहिला चालवण्याशी संबंधित आहे. चढावर योग्य वेळी हलका गिअर पडला नाही तर सायकल डगमगते किंवा थांबते. घोडबंदर रस्त्यावर गायमुख येथील घाटासारख्या, अवजड वाहनांची वर्दळ असलेल्या चढावर ओल्या हाताने मूठ निसटणे आणि त्याच क्षणी तोल जाणे हे अपघाताचे कारण ठरू शकते.

दुसरा परिणाम मुलांच्या सायकलींत अधिक महत्त्वाचा आहे. स्थिर मुठीचे टोक फाटल्यास हँडलच्या नळीची गोल, धारदार कड उघडी पडते. पडताना ही कड पोटात रुतल्यास वरून लहान दिसणारी पण आतील अवयवांना झालेली गंभीर इजा होऊ शकते. वैद्यकीय साहित्यात अशा दुखापतींची नोंद आहे. सायकलींच्या सुरक्षिततेचे आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक हँडलची टोके झाकलेली असावीत अशी अट घालते. फाटलेली मूठ लगेच मिळत नसेल, तरी टोकाला बूच बसवल्याशिवाय सायकल वापरू नये.

दुरुस्तीनंतर कोणत्याही मुठीची कसोटी स्थिर उभे राहून घ्यावी: दोन्ही हातांनी जोराने पीळ देऊन व बाहेर ओढून पाहिल्यावर स्थिर मूठ किंचितही सरकता कामा नये आणि ब्रेकची लिव्हर पूर्ण दाबली जाताना गिअरच्या कवचाला अडकता कामा नये.

== निगा ==

सायकल सावलीत ठेवल्यास रबराचे आयुष्य वाढते. पावसाळ्यात तारेच्या वेष्टनाची टोके तपासून गंजलेली तार वेळीच बदलावी. पावसाळा संपल्यावर एकदा तार काढून पाहणे किनारपट्टीच्या भागात उपयुक्त ठरते. मुठीच्या आत खनिज तेलावर आधारित पातळ फवारे मारू नयेत, कारण ते मूळ ग्रीस धुऊन टाकतात. आतील भागासाठी प्लास्टिकला अपाय न करणारे सिलिकोन ग्रीस अल्प प्रमाणात वापरावे. सायकल बराच काळ उभी ठेवायची असल्यास दोन्ही मुठी सर्वांत कमी ताणाच्या स्थितीत आणून ठेवाव्यात.

== हेही पहा ==

* सायकल
* डिरेलर
* हब गिअर
* बजाज चेतक
* घोडबंदर रस्ता